एका ज्यूलचा हिशेब

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली आगगाडी ठाण्याला पोचली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, साहेब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, ३४ किलोमीटरचा मार्ग. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे सगळं तोंडपाठ असतं. मला त्या तारखेत आणखी एक गोष्ट दिसते. उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम काढता येईल याची हद्द सांगणारा नियम, म्हणजे उष्मागतिकीचा (थर्मोडायनॅमिक्सचा) दुसरा नियम, त्या दिवशी जेमतेम तीन वर्षांचा होता. रुडॉल्फ क्लॉसियसने तो १८५० मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी विल्यम थॉमसनने, म्हणजे नंतरच्या लॉर्ड केल्विनने, आपल्या पद्धतीने मांडला.

इंजिनं आधी धावली, शास्त्र मागून आलं. सादी कार्नो हा फ्रेंच सैन्यातला तरुण इंजिनिअर १८२४ मध्येच गाभ्यापर्यंत पोचला होता. उष्णता हा एक न दिसणारा द्रव आहे असं तेव्हा मानत, आणि त्याचीही समजूत तीच होती. तरी त्याने काढलेला निष्कर्ष आजतागायत टिकला आहे: उष्णतेकडून काम करून घ्यायचं तर एक गरम आणि एक थंड अशा दोन बाजू लागतात, आणि यंत्र कितीही कुशलतेने बांधलं तरी त्या दोन तापमानांनी आखलेली मर्यादा ओलांडता येत नाही. कार्नो वयाच्या ३६ व्या वर्षी कॉलऱ्याने गेला. पुढे द्रवाची कल्पना गळून पडली, हद्द मात्र जागच्या जागी राहिली.

या लोकांना अणू-रेणूंची गरज पडली नाही. वाफ असो, हवा असो, अमोनिया असो, नियम सगळ्यांना सारखाच लागू. पदार्थ आतून कशाचा बनलाय हे ठाऊक नसतानाही त्याच्याबद्दल इतकं ठाम बोलता येतं, याचं मला कॉलेजपासून अप्रूप आहे. पण त्याच ठामपणात एक प्रश्न राहून जातो. उष्णता आपणहून थंडाकडून गरमाकडे जात नाही, हे कळलं. का जात नाही?

मी रबाळे एमआयडीसीच्या पट्ट्यात कूलिंगचं काम करते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर पकडायची, रबाळ्याला उतरायचं. आधी एका केमिकल कंपनीच्या युटिलिटीत होते, आता एका डेटा सेंटरच्या चिलर प्लांटवर, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्रांवर, आहे. त्यामुळे दुसरा नियम हा माझ्यासाठी पुस्तकातला विषय राहिलेला नाही, पोटापाण्याचा विषय आहे. सर्व्हर हॉलने १ मेगावॉट वीज घेतली की तेवढीच, म्हणजे सुमारे २८४ टनांची (कूलिंगमधला टन वजनाचा नसतो, उष्णता काढण्याच्या वेगाचा असतो), उष्णता बाहेर काढावी लागते. संगणकाने दिवसभर कितीही मोठं काम केलेलं असो, शेवटी सगळ्या विजेची उष्णताच होते. ऊर्जा तेवढीच राहते, हा पहिला नियम, आणि त्याच्याबद्दल प्लांटवर कुणाला शंका नसते.

प्लांटमध्ये पाण्याच्या चार लाइन्स महत्त्वाच्या. हॉलकडे ७ अंशांचं पाणी जातं आणि १२ अंशांचं होऊन परत येतं. कंडेन्सरच्या, म्हणजे चिलर उष्णता बाहेर टाकतो त्या, बाजूला ३७ अंशांचं पाणी कूलिंग टॉवरवर चढतं आणि ३२ चं होऊन खाली उतरतं. सात अंशांच्या लाइनवर काळ्या नायट्राइल रबराचं इन्सुलेशन असतं. ते जिथे फाटलंय तिथे पाइपला घाम फुटतो आणि थेंब एकामागोमाग खालच्या ट्रेमध्ये पडत राहतात. आमचे सर्वांत जुने ऑपरेटर साताऱ्याकडचे. सगळा प्लांट त्यांना मामा म्हणतो. गेजकडे बघायच्या आधी ते लाइनला पालथा हात लावतात आणि त्यांचा अंदाज एखाद्या अंशाने चुकला तर चुकतो.

एका नाइट शिफ्टला मामांनी विचारलं, "मॅडम, ऊर्जा तेवढीच राहती म्हणता. मग ती नुसती इकडनं तिकडं न्यायला एवढी वीज कशापायी?"

याहून नेमका प्रश्न मी कुठल्या व्हायव्हात ऐकलेला नाही. कॉलेजात त्याला जे उत्तर मिळतं ते नियमाचं नाव असतं: दुसरा नियम. विद्यार्थी क्लॉसियसचं विधान लिहितो, केल्विनचं विधान लिहितो, दोन्ही सारखीच आहेत हे सिद्ध करतो आणि पूर्ण मार्क घेतो. मामांच्या "कशापायी"ला त्यातून काहीच मिळत नाही. ते उत्तर मिळतं मोजणीतून, आणि ती मोजणी अकरावी-बारावीच्या मुलाला झेपेल इतकी सोपी आहे, हे मला आजही जरा आश्चर्याचंच वाटतं.

माझी भाची बारावी सायन्सला आहे. तिच्यासोबत एका पाठकोऱ्या कागदावर आम्ही एक डबा काढला, मधोमध रेघ मारली आणि चार रेणूंना नावं दिली: अ, ब, क, ड. प्रत्येक रेणू डाव्या किंवा उजव्या अर्ध्यात असू शकतो. किती प्रकारे? सोळा. तिने सोळाही लिहून काढले. त्यातल्या एकाच रचनेत चौघे डावीकडे आहेत, एकाच रचनेत चौघे उजवीकडे, आणि दोन-दोन अशी विभागणी सहा रचनांत आहे. एवढंच. कुठलाही नियम रेणूंना सारख्या विभागणीकडे ढकलत नाही. प्रत्येक रचना इतर कुठल्याही रचनेइतकीच शक्य आहे. फक्त सारख्या विभागणीच्या रचना जास्त आहेत.

मग रेणू वाढवत जायचं. दहा रेणू घेतले की रचना १०२४ होतात आणि दहाही डावीकडे असण्याची रचना त्यात एकच. सेकंदाला एक रचना बदलतेय असं धरलं तर सरासरी सतराएक मिनिटांत ती एकदा दिसेल. शंभर रेणूंना तोच हिशेब लावला तर जेवढे सेकंद लागतील ते विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे तीन लाख कोटी पट भरतात. आणि दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत हवेचे रेणू असतात सुमारे ७ वर २६ शून्यं. खोलीतली सगळी हवा एका कोपऱ्यात गोळा होऊन आपण गुदमरू, याला भौतिकशास्त्राचा एकही मूलभूत नियम आडवा येत नाही. आडवी येते ती ही संख्या.

भाचीने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मावशी, म्हणजे हा नियम नाहीये. ही खात्री आहे."

तिचं म्हणणं मला पटलं, आणि तिथूनच हा लेख लिहावासा वाटला. कारण अनेकांना या टप्प्यावर वाटतं की नियम दुबळा झाला. इतका पवित्र मानलेला नियम, आणि तो निव्वळ संभाव्यतेवर उभा? मला उलट वाटतं. पूर्वीच्या रूपात तो फक्त "हे होणार नाही" एवढंच सांगत होता. मोजणीच्या रूपात तो का सांगतो, किती सांगतो, आणि आपली हद्द कुठे संपते तेही सांगतो. एवढं सांगणारा नियम दुबळा कसा?

मामांच्या प्रश्नाकडे याच वाटेने जाता येतं. मोजणीतून तापमानाचा जो अर्थ निघतो तो या सगळ्या विषयातला मला सर्वांत खोल वाटणारा विचार आहे. वस्तूला एक ज्यूल ऊर्जा दिली की ती ऊर्जा रेणूंत वाटून घेण्याच्या रचना वाढतात. किती पटीने वाढतात, यावर वस्तूचं तापमान ठरतं. थंड वस्तूकडे वाटायला थोडं असतं, तिला एक ज्यूल मिळाला की रचना फार मोठ्या पटीने वाढतात. गरम वस्तूला तोच ज्यूल मिळाला तर वाढ होते, पण कमी पटीने. म्हणून दोघी एकमेकींना टेकवल्या की ज्यूल गरमाकडून थंडाकडे जातात: एका बाजूचं नुकसान थोडं, दुसऱ्या बाजूचा फायदा मोठा. दोन्हीकडची पट सारखी झाली की देवघेव थांबल्यासारखी दिसते, आणि तेव्हा आपण म्हणतो की तापमान सारखं झालं. ज्याला शून्यावा नियम म्हणतात (दोन वस्तूंचं तापमान तिसरीइतकंच असेल तर त्या दोघींचंही सारखंच) तो आपोआप हातात येतो.

रचनांच्या संख्येचा लॉगॅरिदम घेऊन त्याला एका स्थिरांकाने, बोल्ट्झमानच्या स्थिरांकाने, गुणलं की एन्ट्रॉपी मिळते. आता आमच्या चिलरचा एक ज्यूल घेऊ. तो ७ अंशांच्या, म्हणजे उणे २७३ अंशांच्या केवल शून्यापासून मोजलं तर २८० केल्विनच्या, पाण्यातून काढला की तिथली एन्ट्रॉपी १ भागिले २८० ने कमी होते. तोच ३७ अंशांच्या, म्हणजे ३१० केल्विनच्या पाण्याला दिला की तिथली १ भागिले ३१० ने वाढते. वजाबाकी केली तर ज्यूल-प्रति-केल्विनमध्ये ०.०००३५ ची तूट राहते. आकडा किरकोळ वाटतो. तो बोल्ट्झमानच्या स्थिरांकाने भागून रचनांच्या भाषेत आणला की कळतं काय चाललंय ते. हा एक ज्यूल फुकटात वर चढवला तर एकूण रचना इतक्या पटीने घटतात की तो आकडा लिहायला १ च्या पुढे सुमारे एक लाख कोटी कोटी शून्यं लागतील. एका ज्यूलसाठी! पाव कॅलरीपेक्षाही कमी उष्णतेसाठी!

ही तूट भरून काढायला काहीतरी वेगळं करावं लागतं, आणि तेच काम कॉम्प्रेसर करतो. तो मोटरची ऊर्जाही उष्णता करून गरम बाजूला ओततो. निदान किती ओतली म्हणजे हिशेब बरोबरीत येईल? ३१० ला २८० ने भागून १ वजा करा: ०.१०७ ज्यूल. म्हणजे एका युनिट विजेवर फार तर ९.३ युनिट उष्णता हलवता येईल. कार्नोने घातलेली हद्द ती हीच. प्रत्यक्षात चांगला वॉटर-कूल्ड चिलर सहाच्या आसपास देतो, कारण पाण्यातून उष्णता खेचायची तर आतला गॅस सातपेक्षाही थंड असावा लागतो आणि बाहेर टाकताना सदतीसपेक्षा गरम. कंडेन्सरच्या ट्यूबवर क्षार बसले की हे अंतर आणखी वाढतं. ट्यूब ब्रशिंगचं वेळापत्रक पाळायला मी जी कटकट करते, तिच्या मुळाशी रचनांची मोजणी आहे.

मामांना मी हे कागदावर मांडून दाखवलं. लॉगॅरिदम बाजूला ठेवून, फक्त दोन्हीकडच्या जमाखर्चासारखं. त्यांनी बराच वेळ आकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "मग मे महिन्यात बिल फुगतं ते ह्याच्यापायी." अगदी ह्याच्यापायी. ठाण्याच्या दमट मे महिन्यात टॉवरला पाणी थंड करता येत नाही. कंडेन्सरची लाइन ३७ ऐवजी ४२ वर गेली की किमान किंमत ०.१०७ वरून ०.१२५ होते. पाच अंशांनी सतराएक टक्के. वीज मंडळाला बोल्ट्झमान ठाऊक असो वा नसो, मीटर त्याच्याच मोजणीने फिरतो.

लुडविग बोल्ट्झमान. या माणसाबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० मध्ये वायूच्या रेणूंचे वेग कसे विभागलेले असतात ते मांडलं होतं. बोल्ट्झमानने १८७२ मध्ये दाखवलं की रेणूंच्या टकरींतून वायू त्या विभागणीकडेच सरकत जातो. व्हिएन्नातला त्याचाच ज्येष्ठ सहकारी आणि मित्र योझेफ लोश्मिट याने १८७६ मध्ये त्यावर बोट ठेवलं: टकरींचे नियम पुढे-मागे सारखेच आहेत. एखाद्या क्षणी सगळ्या रेणूंचे वेग नेमके उलटे केले, तर वायू आल्या वाटेने मागे जाईल आणि एन्ट्रॉपी कमी होईल. मग एकाच दिशेचा नियम दोन्ही दिशांच्या नियमांतून निघालाच कसा?

हा आक्षेप इतका खरा आहे की तो आजही पूर्ण विझलेला नाही. बोल्ट्झमानने १८७७ मध्ये त्याला दिलेलं उत्तर म्हणजे वरची मोजणी. उलटी वाट अशक्य नाही, पण तिच्यावर नेणाऱ्या सुरुवाती इतर सुरुवातींच्या मानाने नगण्य आहेत. एस बरोबर के लॉग डब्ल्यू (एस म्हणजे एन्ट्रॉपी, के म्हणजे तो स्थिरांक, डब्ल्यू म्हणजे रचनांची संख्या), हे सूत्र व्हिएन्नातल्या त्याच्या स्मारकावर कोरलेलं आहे. त्या रूपात ते नंतर माक्स प्लांकने लिहिलं, विचार बोल्ट्झमानचा. त्याच्या हयातीत अर्न्स्ट माखसारखे मोठे लोक अणूंना केवळ सोयीची कल्पना समजत होते. बोल्ट्झमान आयुष्यभर वाद घालत राहिला, मनाच्या आजाराशीही झगडत राहिला, आणि सप्टेंबर १९०६ मध्ये कुटुंबासोबत सुटीवर असताना ट्रिएस्टजवळ दुइनोला त्याने आयुष्य संपवलं. त्याच्या आदल्याच वर्षी आइनस्टाइनने पाण्यातल्या सूक्ष्म कणांच्या थरथरीवरून रेणू मोजण्याची रीत मांडली होती, आणि दोन-तीन वर्षांतच झ्याँ पेराँने प्रयोगाने ती खरी करून दाखवली. हे वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

त्याचं नाव आता प्रत्येक थर्मामीटरमागे आहे. २० मे २०१९ पासून केल्विन या एककाची व्याख्याच बोल्ट्झमानच्या स्थिरांकाचं मूल्य कायमचं ठरवून केली जाते. पूर्वी ती पाण्याच्या एका विशिष्ट अवस्थेवर बेतलेली होती. आमच्या लाइनवरच्या गेजचा काटा आज सात दाखवतो तेव्हा, व्याख्येनेच, तो मोजणीची भाषा बोलत असतो.

पहिल्या नियमालाही या मोजणीत नवा अर्थ येतो: काम म्हणजे ऊर्जेच्या पायऱ्याच वर-खाली करणं, उष्णता म्हणजे पायऱ्या तिथेच ठेवून कुठल्या पायरीवर किती रेणू ते बदलणं. तिसरा नियम म्हणतो की केवल शून्याकडे जाताना रचना उरते ती एक, म्हणून एन्ट्रॉपी शून्य. बर्फ मात्र याला जुमानत नाही. त्यातल्या हायड्रोजनच्या जागा अनेक प्रकारे भरता येतात आणि गोठताना तो गोंधळ तसाच अडकून राहतो. लायनस पॉलिंगने १९३५ मध्ये त्या रचना बोटांवर मोजाव्यात तशा मोजल्या, आणि उत्तर प्रयोगातल्या उरलेल्या एन्ट्रॉपीशी जुळलं. नियम कुठे लागू आणि कुठे नाही, हेही मोजणीनेच सांगितलं.

मोजायचं कसं, हा प्रश्न मात्र वाटतो तितका साधा नाही. भाचीच्या कागदावर रेणूंना नावं होती म्हणून रचना सोळा झाल्या. नावं पुसून टाकली तर? मग "डावीकडे किती" एवढाच फरक उरतो: शून्य, एक, दोन, तीन, चार. रचना पाचच. पूर्वी चौघे एकाच अर्ध्यात सापडण्याची शक्यता सोळात दोन होती, आता पाचात दोन. हा खेळ नाही. १९२४ मध्ये ढाक्याला शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशाच्या कणांची मोजणी अशीच, बिननावाची केली आणि तापलेल्या वस्तूच्या प्रकाशाबद्दलचा प्लांकचा नियम सरळ हातात आला. त्यांनी तो लेख आइनस्टाइनला पाठवला आणि आइनस्टाइनने स्वतः जर्मनमध्ये अनुवाद करून छापायला दिला. कणांना ओळख नसते ही गोष्ट निव्वळ मोजणीतून उघड होते. आपल्याकडे बोस यांचं नाव अभिमानाने घेतात, पण त्यांनी नेमकं काय केलं ते सांगायला हा एक पाठकोरा कागद पुरतो, आणि तो सहसा कुणी काढत नाही.

आता हद्दीबद्दल. मोजणी म्हणते की संख्या मोठी असेल तर खात्री मोठी, आणि संख्या लहान असेल तर चढउतार दिसायलाच हवेत. ते दिसतात. अर्धा मायक्रॉन बाजूच्या घनात, म्हणजे प्रकाशाच्या लहरीएवढ्या जागेत, हवेचे सुमारे तीस लाख रेणू असतात आणि ही संख्या सतत दीड-दोन हजारांनी खाली-वर होत असते. हवा त्या मापावर कधीच सपाट नसते. आकाशाची निळाई या असमानपणातून येते. समुद्राच्या निळाईचा खुलासाही तोच, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवलं. ते १९२१ मध्ये इंग्लंडहून परतत होते. समुद्र निळा दिसतो तो आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं लॉर्ड रेलीचं मत होतं. रामन यांनी बोटीवर निकोल प्रिझममधून प्रतिबिंब छाटून पाहिलं, तर समुद्र आणखी निळा दिसला. पाण्यातल्या घनतेच्या चढउतारांचं जे गणित स्मोलुखोव्स्की आणि आइनस्टाइन यांनी केलं होतं, ते त्यांनी इथे लावलं आणि सप्टेंबरमध्ये बोट मुंबई बंदरात असतानाच पत्र लिहून 'नेचर'ला पाठवलं. आपली ठाण्याची खाडी ज्या बंदरात उघडते, त्याच बंदरातून. खाडीचं पाणी गाळाचं, तिथे निळाई शोधायला जाऊ नये, पण मोजणीचा हा धागा आपल्या दारावरून गेला आहे एवढं ठाणेकरांनी लक्षात ठेवावं.

खरी झेप गेल्या तीस-पस्तीस वर्षांतली आहे. २००२ मध्ये कॅनबेरात एक प्रयोग झाला. पाण्यात काही मायक्रॉनचा लॅटेक्सचा मणी लेझरच्या पकडीत धरला आणि पकड हळूहळू सरकवली. मणी मागे ओढला जातो, काम खर्च होतं, पाण्याला उष्णता मिळते. पण दोनेक सेकंदांपर्यंतच्या छोट्या अवधीत काही वेळा उलटंही दिसलं: पाण्यानेच मण्याला पुढे ढकललं, उष्णतेतून काम निघालं. अशी उलटी उदाहरणं किती प्रमाणात दिसायला हवीत, हे सांगणारं प्रमेय १९९३ पासून आकार घेत होतं आणि प्रयोग त्याच्याशी जुळला.

क्रिस्टोफर यार्झिन्स्कीने १९९७ मध्ये याहून धाडसी गोष्ट सिद्ध केली. दुसरा नियम म्हणतो: एका अवस्थेतून दुसरीकडे जायला सरासरी काम किमान इतकं लागेल. "किमान" हा शब्द म्हणजे असमानता. यार्झिन्स्की म्हणाला, सरासरी एका खास पद्धतीने, प्रत्येक वेळच्या कामाला घातांकात बसवून काढा, मग असमानता जाते आणि नेमकी बरोबरी येते. घाईने केलं, धसमुसळेपणाने केलं, तरी बरोबरी. आणि ती बरोबरी साधते कशामुळे? ज्या मोजक्या वेळी किमानपेक्षाही कमी काम लागलं, त्यांच्यामुळे! ज्यांना आपण नियमभंग म्हटलं असतं, ते वगळले तर हिशेब जुळतच नाही. बर्कलीला आरएनएचा एक रेणू ताणून आणि सैल सोडून २००२ मध्ये हे तपासलं गेलं. दीडशे वर्षांच्या नियमाला इतक्या उशिरा बरोबरीचं चिन्ह मिळालं, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

मॅक्सवेलने १८६७ मध्ये मित्राला लिहिलेल्या पत्रात एक चिमुकला जीव कल्पला होता. डब्याच्या मधल्या पडद्याला छोटं दार, त्याच्यावर हा जीव बसलेला. वेगवान रेणू आला की एका बाजूला सोडायचा, मंद आला की दुसऱ्या. काम शून्य, आणि एक बाजू तापते, दुसरी गार पडते. आमचं डेटा सेंटर असं चाललं असतं तर चिलर विकून टाकता आले असते. या जिवाला सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन समजा. येणाऱ्याला पाहायचं, नोंदवहीत लिहायचं, मग गेट उघडायचं. लिओ झिलार्डने १९२९ मध्ये ओळखलं की किंमत या माहितीपाशीच कुठेतरी दडलेली आहे. रोल्फ लँडाउअरने १९६१ मध्ये तिची जागा सांगितली: माहिती पुसताना. चार्ल्स बेनेटने १९८२ मध्ये दोन्ही जोडलं. पाहणं आणि लिहिणं तत्त्वतः फुकट होऊ शकतं, पण वहीची पानं मोजकी आहेत, आणि पुढची नोंद करायला जुनी खोडावीच लागते. खोडताना एका बिटमागे, म्हणजे एका हो-नाहीच्या नोंदीमागे, किमान इतकी उष्णता बाहेर पडते की जीवाने मिळवलेलं सगळं परत जातं. आपल्या खोलीच्या तापमानाला ती सुमारे २.९ ज्यूल भागिले १ वर २१ शून्यं, इतकी. ल्यों शहरातल्या गटाने २०१२ मध्ये ती एका कणावर मोजून दाखवली.

ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात आता एकाला लागून एक डेटा सेंटरं उभी राहिली आहेत. त्यांच्या चिपा या किमतीच्या कितीतरी पट जास्त उष्णता टाकतात, म्हणजे सुधारणेला जागा खूप आहे. पण तळ आहे, आणि तो तळ पदार्थावर अवलंबून नाही. सिलिकॉन बदललं तरी तो तसाच राहील. ज्या गावाच्या रुळांवर वाफेची हद्द धावत आली, त्याच्या शेजारी आता माहितीची हद्द उष्णता होऊन टॉवरमधून वर जातेय, आणि दोन्ही हद्दी एकच आहेत.

काही जण इथून पुढे जाऊन म्हणतात की एन्ट्रॉपी म्हणजे आपलं अज्ञान. एडविन जेन्सने १९५७ मध्ये ही बाजू फार समर्थपणे मांडली. मला ती अर्धीच पटते. कुठल्या रचना वेगळ्या धरायच्या हे आपण काय मोजतो आणि काय हाताळतो यावर ठरतं, हे खरं. पण इन्सुलेशन फाटलेल्या लाइनवर पाणी जमतं ते मला काय ठाऊक आहे हे विचारून जमत नाही. मामांच्या हाताला लागणारा गारवा कुणाच्या अज्ञानाचा नाही.

आणि लोश्मिट अजून उभाच आहे. मोजणी सांगते की आत्ताच्या क्षणापासून पुढे एन्ट्रॉपी वाढेल. तीच मोजणी मागे लावली तर तिचं उत्तर तेच येतं: कालही ती जास्तच असायला हवी होती! कागदावर दोन्ही दिशा सारख्या आहेत. काल ती कमी होती हे मोजणीतून निघत नाही, ते बाहेरून घालावं लागतं. पृथ्वीपुरतं उत्तर सूर्यात आहे. सूर्याच्या सुमारे ५८०० केल्विनच्या पृष्ठभागाकडून येणारी ऊर्जा पृथ्वी सुमारे २५५ केल्विनने परत फेकते. ऊर्जा जवळपास तेवढीच, पण आत येणाऱ्या एका फोटॉनमागे, म्हणजे प्रकाशाच्या एका कणामागे, बाहेर वीसेक जातात. त्या वाढलेल्या रचनांच्या जमेवर खाडीतली तिवरं उभी राहतात आणि आमचे कॉम्प्रेसरही चालतात. सूर्य तसा का? कारण आधी वायूचा ढग जवळजवळ सपाट पसरलेला होता आणि गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबात सपाट पसरलेलं असणं ही अतिशय दुर्मीळ रचना आहे. तो ढग तसा का? कारण विश्वाची सुरुवातच तशी होती. बोल्ट्झमाननेही उतारवयात हे गृहीतक म्हणूनच लिहून ठेवलं.

भाची यावर अडून बसली आहे. तिचं म्हणणं, चार रेणूंच्या कागदावर तुम्ही मला सगळं सिद्ध करून दाखवलंत आणि शेवटी म्हणता की पहिली रचना मानून घे. मी तिला सांगितलं की माझ्या मते दुसऱ्या नियमाचे दोन तुकडे करून शिकवायला हवेत. एक मोजणीचा, तो गणित आहे आणि कुठल्याही विश्वात खरा ठरेल. दुसरा सुरुवातीचा, तो आपल्या विश्वाचा इतिहास आहे आणि तो दुर्बिणीने तपासायचा आहे. तिला हे अजून पटलेलं नाही. तिचा आग्रह आहे की सुरुवातही मोजता आली पाहिजे.